मामांचं मागचं विंच

लिहिणं हे माझं काम नव्हे, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, तेही समोर प्रश्न छापलेला होता म्हणून. कुणी काही विचारलेलं नसताना लिहायला बसण्याची ही पहिलीच वेळ आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण माझ्या थोरल्या मामांबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांची मामांशी ओळख नाही.

माझं म्हणणं असं, की गोव्यात पेडण्यापासून वाळपईपर्यंत, कुठेही जाण्याआधी तिथून परत कसं यायचं याचा इतका विचार केलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. कुणाच्या लग्नाला गेले की मामा आधी चपला दाराकडे तोंड करून ठेवत, मग यजमानांना नमस्कार करत. जेवायला पंगतीच्या शेवटी बसत, म्हणजे उठताना कुणाला ओलांडायला नको. जीप कुठेही लावायची तर उलटी आत घालून, तोंड रस्त्याकडे. एकदा तेरेखोलला जाताना ती त्यांनी फेरीबोटीवरही उलटीच चढवली. खलाशी ओरडत राहिला आणि मामा मान मागे वळवून शांतपणे चढत राहिले. पलीकडच्या काठावर सगळ्या गाड्या सरळ उतरल्या, एकटे मामा पुन्हा मान वळवून उलटे उतरले. "हेंचा काय सांगतलस," मामी म्हणायची, "बोहल्यावर उभे होते तेवा पण ह्यांचे डोळे मांडवाच्या दारार!"

मामा कोरगावचे, पण जन्म गेला डिचोलीकडच्या एका खाणीच्या गॅरेजात, फिटर म्हणून. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली जुनी लष्करी जीप घेतली आणि खाणीच्या भंगारातून एक विंच मिळवलं. विंच म्हणजे लोखंडी दोराचा रहाट. गाडी चिखलात रुतली की दोराचा आकडा समोरच्या झाडाला अडकवायचा, दांडा ओढायचा, की इंजिनाच्या जोरावर रहाट दोर गुंडाळू लागतो आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. खाणीवरच्या सगळ्या जीपगाड्यांना ते नाकावर असे. मामांनी ते पाठीवर बसवायचं ठरवलं.

हे ऐकून चहाच्या दुकानात दोन दिवस दुसरा विषय निघाला नाही. दुकानदार म्हणाला, "मामानू, नथ नाकात घालतत. तुमी ती पाठीक कित्याक घालतास?" मामांनी बशीतला चहा संपवला, मग म्हणाले, "फुडे काय आसा ता तुका म्हायत आसा?" "नाय." "माका पण नाय. मागची वाट मात्र आपण बघलेली आसा. रुतल्यावर माणसान बघलेल्या जाग्यार येवचा, की न बघलेल्या?" दुकानदारानं त्यांच्या बशीत पुन्हा चहा ओतला. मी मामांकडे राहून कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो, पण या तर्कातली चूक मलाही सापडली नाही.

ते दिवस भाषेच्या वादाचे होते. राजभाषा मराठी की कोकणी, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगणात पाय ठेवीत नव्हते. विंचाच्या दांड्याला 'दोर आत' आणि 'दोर बाहेर' अशा दोन जागा होत्या, आणि तिथे रंगानं काय लिहावं यावरूनही दोन पक्ष पडले. मामांनी दोघांनाही हात जोडले आणि चित्रं काढली. वर गोठ्यात येणारी गाय, खाली गोठ्यातून जाणारी गाय. दोन्ही पक्ष खूश झाले. फक्त दोन्ही गाई अगदी सारख्या दिसत असल्यामुळे, दांडा ओढून पाहिल्याशिवाय कोणती कुठली ते कळत नसे.

पहिल्या चाचणीला अर्धा गाव जमला. मामांनी जीप मुद्दाम पाणंदीच्या चिखलात घातली, दोर मागच्या फणसाला अडकवला आणि नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान जीपीच्या पाठीक यंत्र बसयला हा. तेच्यात काय वाकडा-वावगा आसात तर दूर कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" अर्धा गाव ओरडला. मामांनी दांडा ओढला. दोर ताणला, जीप थरथरली, मोठा आवाज झाला, आणि विंच जीपचा मागचा पत्रा बरोबर घेऊन एकटंच फणसाकडे निघून गेलं. जीप होती तिथेच राहिली. मामांनी विंच गाडीच्या सांगाड्याला न बसवता वरच्या पत्र्याला बसवलं होतं. चाळीस वर्षं फिटर असलेल्या माणसाची चूक! गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "देवान वाकडा-वावगा दूर केल्यान बघा!" त्या दिवशी मामा जेवले नाहीत. पुढचे पंधरा दिवस जीपखाली आडवे पडून त्यांनी सांगाड्याच्या दोन्ही लांब पट्ट्यांना आडवं लोखंड जोडलं आणि त्यावर विंच पक्कं केलं. पण आता चाचणी पाहायला कुणी येईना. दुकानात मामा आले की लोक फणसाचा विषय काढीत.

अशात माझी परीक्षा आली. एकही पेपर चुकवला तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर बाबा मला खाणीच्या ट्रकावर क्लीनर म्हणून लावणार होते. त्यांचं चुकत होतं असंही नाही. ते स्वतः सावंतवाडीकडून खाणीवर मजुरीला आले होते, आणि त्यांच्या दृष्टीनं ट्रक ही बढतीच होती. कॉलेज डिचोलीपलीकडे. पेपराच्या दिवशी भाषेच्या आंदोलनामुळे बस बंद, रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, तीन दिवस वर्तमानपत्रही आलेलं नव्हतं. पहाटे मामांनी जीप दारात आणली. अर्थात उलटी. "चल झिला. रस्तो नाय तर शेतां आसत."

डिचोली दोन कोसांवर राहिली असताना आडवं झाड लागलं आणि मामा वायंगणी, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेतात उतरले. शेतात पाणी होतं, लावणी चाललेली होती. मधोमध जीप बसली. मामांचा चेहरा असा फुलला, की मला वाटतं रुतण्याचीच ते वाट पाहत होते. मी चपला हातात घेऊन, गुडघाभर चिखलातून आकडा मागच्या आंब्याला नेऊन अडकवला. मामांनी दांडा ओढला. चुकीची गाय निघाली. दुसरीकडे ओढला. दोर ताणला, आणि जीप हळूहळू, डौलात, मागे सरकत बांधावर येऊन उभी राहिली. पत्रा जागेवर होता. मामांनी स्टिअरिंगला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मामा," मी भीत भीत म्हणालो, "पेपर फुडे आसा."

खाली उतरून मामांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या. एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. मग आत बसले, जीप वळवली आणि तिचं तोंड कोरगावकडे करून, मान मागे वळवून, डिचोलीच्या दिशेनं उलटी चिखलात घातली.

लावणी करणारी एक बाई चाकाखाली गेलेल्या भाताच्या रोपांकडे पाहत कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आरे मेल्यांनो, माझो तरवो चेपलास! खंय चललास?"

"वयनी, पोराचो पेपर आसा डिचोलेक!"

"मगे असो उलटो कित्याक जाता तो?"

"येंत्र मागे आसा, वयनी!"

तिनं क्षणभर विचार केला, आणि मधोमध आम्ही पुन्हा रुतल्यावर माझ्या हातातला आकडा स्वतः ओढून नेऊन पलीकडच्या माडाला अडकवून दिला. वर म्हणाली, "पास जालो नाय तर तरवो भरून दी हां!"

कॉलेजात पोचलो तेव्हा पेपराला दहा मिनिटं होती आणि मी कंबरेपर्यंत शेत होतो. आत शिपाई एकटाच बसला होता. "पेपर फुडे ढकलले मरे. काल रेडिओर सांगला. तुमका कळूक नाय?"

मामांना सांगायला मी तसाच बाहेर आलो. फाटकाशी पाच-सहा माणसं जमली होती आणि मामा त्यांना विंच दाखवत होते. "फुडे आसता तर आज काय झाला असता?" ते विचारत होते. "पोराचा वर्स गेला असता!" इतके मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी परत आत गेलो. एका रिकाम्या वर्गात, रिकाम्या बाकावर तीन तास बसलो. बाहेरून मामांचं हसू मधूनमधून ऐकू येत होतं. तीन तासांनी बाहेर आलो.

"कसो गेलो?"

"बरो गेलो, मामा."

पुढे परीक्षा झाली, मी बसनं जाऊन ती दिली, मामांना "आजून पेपर उरलेले आसत" असं सांगून. पास झालो. चहाच्या दुकानात फणसाचा विषय बंद झाला. विंचानं भाच्याचं वर्ष वाचवलं, हे मामांनी आजवर शेकडो वेळा सांगितलं असेल. मी जवळ असलो की ते मध्येच थांबून विचारत, "खरा मरे, झिला?" मी मान हलवत असे.

गेल्या आठवड्यात मामीचं पत्र आलं. एका लग्नात मामा हीच गोष्ट सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांत आमच्या कॉलेजचा तो शिपाई होता. तो सहज म्हणाला, त्या दिवशी पेपर नव्हताच. मामी लिहिते, 'ते न जेवता उठले. जीपमध्ये बसून राहिले, सुरू केली नाही. मी विचारलं, काय झालं, पोरानं फसवलं म्हणून राग आला? तर म्हणाले, राग कसलो गे. तीन तास तो थंय एकटो बसलो, आणि मी भायर हसत होतंय.'