काकवीच्या बाटलीतलं तेजाब

मोरी तुंबली की आमच्या ह्यांच्या अंगात शास्त्रज्ञ संचारायचा. एरवी कचेरीत फायली पुढं सरकवणारा माणूस. घरात खिळा ठोकायचा तर अंगठा सुजवून घेणार. पण मोरीच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं न्हाय, अगदी न्हाय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात एकच मोरी. आंघोळ तिथं, धुणं तिथं, भांडी तिथंच. भांड्यांना बंबातली राख आणि नारळाचा काथ्या. रविवारी मटण झालं की पातेल्याची चरबी त्यात, वर आणि माझे गळलेले केस. न तुंबली तरच नवल.

शेजारच्या काकू म्हणाल्या, बांबूची कामटी घाला, दोन हिसक्यात निघतंय. मीही तेच म्हणत होते. पण ह्यांच्या लेखी कामटी म्हणजे अडाण्यांचं काम. शाहूपुरीत ह्यांचा एक मित्र गॅरेजात बॅटऱ्या भरायचा. त्याच्याकडनं हे बाटलीभर तेजाब घेऊन आले, पाणी न घातलेलं, कडक. काळपट-तांबूस आणि तेलासारखं दाट. बाटलीला बूच न्हाय, तोंडात चिंधी कोंबलेली. ती बाटली पिशवीत घालून हा माणूस सायकलवरनं आला होता.

तुंबलेल्या पाण्यात ह्यांनी ते ओतलं. पाणी उकळल्यागत उसळलं, थेंब उडून बनियनला भोकं पडली, घरभर ठसका. खाली शहाबादी फरशी होती, तिच्यावर पांढरा फेस आला. हे नाकाला रुमाल लावून म्हणतात कसे, बघ कसं काम करतंय. काम कसलं, ते फरशी खात होतं. काथ्या होता तिथंच होता. दुसऱ्या दिवशी परत ओतलं, परत फेस. फरशी अशी खरबरीत झाली की अनवाणी पाय ठेववेना. मी म्हटलं, अहो, मोरी राहू दे, आधी घर राहील का बघा. पालथ्या घड्यावर पाणी. उरलेली अर्धी बाटली पुढच्या खेपेला म्हणून मोरीच्या कोनाड्यात ठेवून दिली.

ती चिंधी काळी पडून विरायला लागली होती. मला धडकी भरली. ह्यांना सांगून उपयोग न्हवता, म्हणून म्हटलं आपणच करावं. घरात रबरी बुचाची बाटली एकच होती, काकवीची. माझं माहेर कोडोलीचं. गुऱ्हाळ संपलं की भाऊ दर साली काकवी पाठवायचा. बाटली रिकामी होती, धुतलेली होती. हाताला फडकं गुंडाळून मी सगळं तेजाब तिच्यात ओतलं, बूच घट्ट बसवलं आणि शिकेकाईच्या डब्यामागं सारून दिलं. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. मला वाटलं, या घरात डोकं असलेलं माणूस मी एकटीच.

आता मामंजींचं सांगायला पाहिजे. माझ्या सासऱ्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि त्यांचा जीव काकवीवर. त्यामुळं मी काकवी लपवायची आणि त्यांनी ती हुडकायची, असा आमचा वर्षानुवर्षांचा खेळ. तांदळाच्या डब्यात ठेवली, सापडली. बंबामागं ठेवली, तिथंही सापडली. मला दुपारी डोळा लागला की ते भाकरीवर काकवी ओतून खायचे आणि मिशा पुसून पेपर वाचत बसायचे. म्हणजे लपवलेली बाटली दिसली की ती काकवीचीच, हे त्यांना माझ्यामुळंच पक्कं ठाऊक झालेलं.

त्या दुपारी मी तांब्या पडल्याच्या आवाजानं उठले. मामंजी स्वयंपाकघरात दोन्ही हातांनी तोंड धरून उभे. पुढ्यात ॲल्युमिनच्या ताटलीत भाकरी, निम्मी काळी पडलेली, वर धूर. बाटलीच्या तोंडाचा ओघळ बोटानं निपटून चाटायची त्यांना सवय. तसंच केलं होतं. आवाज फुटत न्हवता, नुसते डोळे माझ्याकडं. मी तांब्यावर तांब्या पाण्यानं त्यांचं तोंड धुवत राहिले आणि काकूंनी ह्यांना कचेरीतनं बोलावून आणलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ बघितली. एक घोट गिळला असता तर हा माणूस इथवर आलाच नसता, म्हणाले. मग बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, “हे काकवीच्या बाटलीत कुणी भरलं?”

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याच्या आधी हे म्हणाले, “मी भरलं.”

डॉक्टरांनी ह्यांना असं झापलं की बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन बघायला लागले. हे मान खाली घालून उभे.

मामंजी तीन आठवडे गार दूध आणि पेजेवर होते. वाचले, बोलायलाही लागले, पण जिभेची चव गेली ती कायमची. गोड काय आणि तिखट काय, सगळं सारखंच. मी आपणहून वाटीभर काकवी पुढं ठेवली तर ती बाजूला सारून म्हणाले, राहू दे पोरी, कळत न्हाय. मोरी काकूंच्या कामटीनं मोकळी झाली, निघालं काय तर मूठभर काथ्या आणि माझे केस.

पुढं लग्नकार्यात, बारशात, कुठंही चार माणसं जमली की भावकी ह्यांना ऐकवायची. स्वतःच्या बापाला तेजाब पाजणारा पोरगा, म्हणायची. हे हसून घ्यायचे आणि मी चहाचे कप फिरवत राहायची. घरी आल्यावर मी वाट बघायची, आता तरी माझ्यावर ओरडतील. एकदाही ओरडले न्हाईत. एवढी वर्षं संसार केला, ह्यांच्या शंभर खोडींवर मी भांडले, पण ह्या एका गोष्टीचा जेवढा राग आला तेवढा दुसऱ्या कशाचाच आला न्हाय. आणि ‘मी भरलं होतं’ एवढं चारचौघांत सांगायला माझी जीभ तर धड होती.