आप्पांना चालणारा ळ

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. स्वयंपाकघरात डब्यांची सुटी झाकणं साठतात, तसे ते साठतात. कुठलं कशाचं ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. आमच्या रविवारच्या गटाकडे इतके झालेत की हल्ली नवीन माणूस यायलाच घाबरतो.

गट म्हणजे आम्ही तिघं. मी, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून रिटायर झालेली. गोडबोले सर, माझ्याच कॉलेजात गणित शिकवायचे. आणि ढोले, मूळचा अमरावतीकडचा, आयटीत नोकरीला, वारज्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो. बाकीच्या जगाला प्रोग्रॅम हवा असला की एक बटण दाबतात आणि तयार मिळतो. आम्ही त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, आणतो आणि आपल्या मशीनवर स्वतः बिल्ड करतो, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवतो. इडलीचं तयार पीठ न आणता डाळ-तांदूळ भिजत घालण्यातला प्रकार. कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. गोडबोले सर म्हणाले, "तयार हवं असेल तर बाजार उघडा आहे."

ह्या खेपेला मात्र कारण खरंखुरं होतं. दुसऱ्या मजल्यावर आप्पा राहतात. चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलेला माणूस, छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या हेच काम. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून त्यांची बायको, मालतीकाकू, पेपर, पत्रं, जे येईल ते त्यांना वाचून दाखवतात. आप्पा ऐकतात आणि गप्प बसतात. पूर्वी जिन्यात गाठ पडली तर पंधरा मिनिटं सोडायचे नाहीत, आता खोलीतून बाहेर येत नव्हते. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मजकूर मोठ्यानं वाचणारा एक तयार प्रोग्रॅम आम्ही त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. त्याला ळ येत नव्हता. 'फळ'चं 'फल', 'काळा'चं 'काला'. आप्पांनी अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला आधी शाळेत घाला." मग जरा वेळानं म्हणाले, मला वाचून दाखवायला कोणी नको, माझं मला वाचायचंय. दिवाळीपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर हा खोका भंगारात देतो आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही.

त्याला ळ शिकवायचा तर सोर्सपासून बिल्ड करणं भाग होतं. गणपती नुकतेच बसले होते.

*

आप्पांच्या घरी, त्यांच्याच कॉम्प्युटरवर सोर्स कोड आणला. तो म्हणाला, मला बिल्ड करायच्या आधी अमुक लायब्ररी बिल्ड करा. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले तुकडे. ती आणली, तर तिला आणखी एक हवी. तिला आणखी एक. आणि त्या शेवटचीला हवी होती पहिलीचीच नवी आवृत्ती. ढोले म्हणाला, रहिवासी दाखल्याला रेशन कार्ड पाहिजे अन् रेशन कार्डाला रहिवासी दाखला, "मले वाटलं हे मी गावालेच सोडून आलो."

मालतीकाकू दर रविवारी पोहे आणून ठेवायच्या आणि विचारायच्या, झालं का? गोडबोले सर सांगायचे, नाही, सध्या त्याच्या आधीचं चाललंय. पुढच्या रविवारी विचारलं तर त्याच्याही आधीचं चाललेलं. तिसऱ्या रविवारी काकू फोनवर बहिणीला सांगत होत्या ते मी ऐकलं.

"अगं, येतात बिचारे नेमानं. पण दर आठवड्याला आणखी मागे जातायत."

*

बिल्ड सुरू होण्यापूर्वी मशीनची एक तपासणी होते. काय आहे, काय नाही, ते एकेका ओळीत पडद्यावर येत जातं. त्यात एक ओळ अशी असते, की इथली एकंदर व्यवस्था शहाणी आहे का ते तपासत आहे. थट्टा नाही करत, जगभर ती ओळ असते. ढोले सगळं आप्पांना मराठीत सांगत होता. आप्पा म्हणाले, तपासू दे, मलाही कधीपासून जाणून घ्यायचंय.

उत्तर आलं, शहाणी नाही.

गोडबोले सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मशीनचं म्हणणं, आत्ता तयार झालेली फाइल जुन्या फाइलींपेक्षाही जुनी आहे. सर दोन तास कोड वाचत बसले. तेवढ्यात नाना आले. नाना वारजे गावातले जुने शेतकरी. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे ते कुणाच्याही घरात बेल न वाजवता येतात. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "ही तारीख तर ईस वर्सामागची हाय की. सेल गेला आसंल आतला."

तसंच होतं. घड्याळाचा सेल संपलेला, आणि मशीन आपलं वीस वर्षं मागे सुखानं राहत होतं! नाना स्वतः चौकात जाऊन सेल घेऊन आले. तपासणी पुन्हा लावली, व्यवस्था शहाणी निघाली. आप्पांनी चौकशी केली, की हे सेल मोठ्या आकारात मिळतात का, आपल्या सोसायटीच्या कमिटीला बसवून बघू. दोन वर्षांनी आप्पा पुन्हा विनोदावर आले होते. आम्ही गरजेपेक्षा जास्तच हसलो.

*

बिल्डमध्ये काय कशापासून आणि कुठल्या क्रमानं करायचं, हे एका फाइलीत लिहिलेलं असतं. तिला मेकफाइल म्हणतात. ढोले ती आप्पांना वाचून दाखवत होता. आप्पांनी मध्येच विचारलं, ओळीच्या सुरुवातीला जागा किती सोडलीय? ढोले म्हणाला, कुठं जास्त, कुठं कमी. आप्पांना ते सहन होईना. गोडबोले सरांनाही अशा गोष्टी सहन होत नाहीत. दोघांनी मिळून अख्खी फाइल सुबक करून घेतली, जिथे जागा सोडलेली तिथे मोजून चार स्पेस. दिसायला फार देखणी झाली हो!

ती फाइल वाचून बिल्ड करणारं 'मेक' चालवलं. मशीन म्हणालं, चौथ्या ओळीत विभाजक नाही. आप्पा म्हणाले, स्वल्पविराम राहिला असणार, शोधा. आणि तिघं मिळून स्वल्पविराम शोधू लागले.

आता खरं सांगते. त्या जागी टॅबचं बटण दाबायचं असतं, स्पेस चालत नाहीत, हे मी वीस वर्षं पोरांना घसा फोडून शिकवलंय. पण आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले होते, "वरच्या ओळीत बघा, खालच्या ओळीत बघा" असं सांगत होते. माझ्यानं बोलवेना. दीड तास मी गुपचूप पोहे खाल्ले आणि मग सांगितलं.

आप्पांनी नीट समजून घेतलं. म्हणाले, "म्हणजे दोन मोकळ्या जागा दिसायला सारख्या, पण एक शुद्ध आणि एक अशुद्ध?"

मी म्हटलं, हो.

"आणि डोळस माणसालाही फरक दिसत नाही?"

नाही दिसत.

"मग तुमचं माझं सारखंच आहे की," आप्पा म्हणाले, आणि खुशीत हात चोळत बसले.

*

मशीन जुनं, त्यामुळे बिल्डला आठ तास लागणार होते. रविवारी तेवढं होईना. म्हणून ढोलेनं मालतीकाकूंना चिठ्ठी लिहून दिली. सकाळी मशीन सुरू केलं की 'मेक' टाइप करा, दुपारी जेवणं झाली की बंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा 'मेक', ते राहिलेलं काम पुढे नेतं. आणि खाली, अगदीच घोटाळा झाला तर लागेल म्हणून, 'मेक क्लीन' असंही लिहून ठेवलं. त्यानं झालेलं सगळं पुसलं जातं आणि पहिल्यापासून सुरुवात होते.

पुढच्या रविवारी आम्ही मोठ्या आशेनं गेलो. बघतो तर काम जिथल्या तिथे! सहा दिवस मशीन रोज चार तास राबत होतं आणि हातात काही नाही. गोडबोले सरांनी काकूंना विचारलं, रोज नेमकं काय करता?

"आधी क्लीन करते, मग सुरू करते."

सरांनी विचारलं, रोज?

"मग? पारोशा मशीनवर काम सुरू करायचं का?"

सरांनी समजावलं, ढोलेनं समजावलं, मी समजावलं. काकूंना पटलं नाही. शेवटी तडजोड झाली. सकाळी मशीन ओल्या फडक्यानं पुसायचं, त्याची आंघोळ झाली असं समजायचं, आणि फक्त 'मेक' टाइप करायचं. दोन दिवसांत बिल्ड पुरा झाला.

*

आता ळ. कुठल्या अक्षराला तोंडातून कुठला आवाज काढायचा, त्याचे नियम ढोलेनं लिहिले. पठ्ठ्यानं आठवडाभर हेडफोन लावून एकेक आवाज जुळवला. रविवारी मोठ्या अभिमानानं मशीन सुरू केलं. मशीन म्हणालं, "सकायी डोये उघडले."

ढोलेनं आशेनं आप्पांकडे बघितलं.

आप्पांनी शांतपणे विचारलं, "हे वऱ्हाडातून कधी आलं?"

बिचारा ढोले. त्याच्या घरी ळ चा य होतो, त्याच्या कानाला तोच बरोबर. "मले तं चोख वाटून राहिलं जी," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला की आप्पांनाच कसंतरी झालं. ते म्हणाले, तुझा उच्चार चुकीचा नाही बाबा, तो तुझा आहे, पण माझ्या कानाला माझा लागतो. मग काकूंना समोर बसवलं आणि कावळा, पिवळा, टाळकुटा असं तासभर म्हणून घेतलं. ढोलेनं नियम सुधारले. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला दहा-बारा दिवस उरले होते.

*

त्या रविवारी सगळं तयार होतं. पहिलं काय वाचायचं? गोडबोले सरांनी काहीतरी भारदस्त सुचवलं. आप्पा म्हणाले, सोसायटीची नोटीस लावा. सेक्रेटरी ती लिफ्टपाशी चिकटवतात आणि मेलवरही पाठवतात. ढोलेनं मेल उघडला. मशीन खणखणीत आवाजात वाचू लागलं.

"सर्व सभासदांना कळवन्यात येते की मंगळवारी पानी येनार नाही."

आप्पांचा चेहरा उतरला. "ळ आला, पण ण गेला," ते म्हणाले, आणि उठायला लागले.

 आता हे खोलीत जाणार आणि खोका भंगारात. ढोले घाईघाईनं नियमांची फाइल उघडू लागला. गोडबोले सर मात्र पडद्यावर वाकून नोटीस वाचत होते. "आप्पा, थांबा. मशीनचा ण जाग्यावर आहे. नोटिशीतच नाहीये."

आप्पा उभेच राहिले. ढोलेला म्हणाले, अक्षर अक्षर सांग. ढोलेनं सांगितलं. कळवन्यात, न. पानी, न. येनार, न.

"शुक्रवारी मालतीनं मला हीच नोटीस वाचून दाखवली," आप्पा म्हणाले. "तेव्हा 'कळवण्यात' होतं."

मग त्यांनी आजच्या पेपरातली एक बातमी लावायला सांगितली. पहिल्याच वाक्यात 'आनि', दुसऱ्यात 'त्यांनी गेले'. आप्पांनी हात वर करून बंद करायला सांगितलं. काकू पोह्यांची ताटली घेऊन दारातच थबकल्या होत्या.

"मालती, दोन वर्षं ऐकतोय मी. एक चूक नाही. मला वाटलं, लोक लिहायला शिकले. आता आपलं काही काम उरलं नाही."

काकूंनी ताटली खाली ठेवली. म्हणाल्या, "सांगून तुमचा जीव कशाला जाळायचा? सरळ करून वाचत गेले."

 मग आप्पांनी चाचपत काठी शोधली, चपला पायात सरकवल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आपणहून बाहेरच्या दाराकडे निघाले.

"लिफ्टपाशी अजून ती नोटीस आहे ना? लाल पेन आण."

"अहो, तुम्हाला दिसणार आहे का?"

"मला नाही गं. त्यांना दिसायला हवं."