डोंगर चढलेल्या वहाणा

त्या वर्षी माझी दोन बोटं सतत आमच्या यांच्या मनगटावर असायची. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि हे हिंगणघाटला कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होते. कापसाची धूळ छातीत बसून बसून दमा जडला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाला आतून सूज आहे, तिचा भार हृदयावर येतो, म्हणून ठोका मधेच चुकतो; एखाद्या वेळी चुकलेला ठोका परत लागणारच नाही. श्वासाच्या गोळ्याही बेतानेच घ्यायच्या, त्यांनी दम मोकळा होतो पण धडधड वाढते. तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. भाकरी थापताना मधेच उठून मी यांचा हात धरायची. नाडी जरा नीट चालायची, मग थबकायची, आणि तेवढ्यात माझा जीव टांगणीला लागायचा. देवापुढे दिवा लावायची, पण देव आहे यावरचा विश्वासच उडत चालला होता.

यांनी मात्र गिरडच्या डोंगरावरच्या दर्ग्यातल्या बाबांना नवस बोलला होता की, बरा झालो की स्वतःच्या पायांनी डोंगर चढून चादर चढवीन. बरं होण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा एक दिवस म्हणाले, "बरा होऊन चढीन म्हनलं होतं. आता चढूनच बरा होतो." हट्टी माणूस. मी रडले, भांडले आणि शेवटी सोबत निघाले.

पायऱ्यांशी गेल्यावर कळलं की चढता यावं म्हणून सकाळीच त्यांनी जास्तीच्या गोळ्या गिळल्या होत्या. थोडं चढताच ते मटकन बसले. ओठ निळे पडले. मनगट धरलं तर नाडी नुसती फडफडत होती. मी बाबांना हाकसुद्धा मारली नाही. संपलं सगळं, एवढंच मनात आलं.

इतक्यात दर्शन करून उतरणारा एक म्हातारा शेतकरी आमच्यापाशी थांबला. त्यानं यांना दगडाला टेकवून बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली, शेल्यानं वारा घातला. बऱ्याच वेळानं फडफड कमी झाली. पण जरा बरं वाटताच हे पुन्हा उठू लागले.

"काऊन जीव देऊन राह्यला बापू?" म्हातारा म्हणाला.

"मह्या पायानं येतो म्हनून बोललो हावो बाबाले."

म्हाताऱ्यानं यांच्या पायांकडे पाहिलं. "तुह्या वहाणा दे मले. तुहे पाय नाई त वहाणा चढतीन. माहे गुडघे अजून गरमच हायेत."

त्यानं खरंच यांच्या वहाणा पायात घातल्या, आम्ही आणलेली चादर डोक्यावर घेतली आणि नुकताच उतरलेला डोंगर पुन्हा चढू लागला. वहाणा त्याला आखूड होत्या, टाचा बाहेर येत होत्या. परत आल्यावर त्यानं त्या यांच्या पायांशी ठेवल्या. "झालं तुहं. आता घरी जाजो," म्हणाला आणि वाटेला लागला. त्याचं नाव विचारायचंही राहिलं. यांनी वहाणांवरची धूळ कपाळाला लावली आणि लहान मुलासारखे रडले.

हे बरे झाले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले. पण गिरडहून आल्यापासून मी नाडी बघणं सोडलं होतं. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी दुसरा कुणी चढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण धरून ठेवल्यानं काही थांबत नाही, हेही उमगलं होतं. गेले तेव्हा हे अंगणात बाजेवर पडून माझ्याशी बोलत होते. ठोका नेमका कधी थांबला, मला कळलंच नाही. हात माझ्या हातात होता, नुसता धरलेला. तेवढ्यासाठी मी आजही गिरडच्या दिशेनं हात जोडते.