दोघांची होडी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, पण नीट सांगता येईल याची खात्री नाही — कारण जे केलं ते का केलं, हेच मला अजून उमगलेलं नाही.

यवतमाळ जिल्ह्यात शिडाची होडी? हसाल तुम्ही. पण साठ-पासष्टच्या सुमाराला आमच्या कॉलेजात नौदलाच्या कॅडेटांची एक तुकडी होती, आणि शिकण्यासाठी मुंबईहून ट्रकवर घालून एक होडी आणली होती. दोन माणसांची. हलकी, अरुंद, वारा लागला की उधळणारी. एकानं मागं बसून सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर धरायचा. दुसऱ्यानं तळाच्या पट्ट्यात पाय अडकवून अख्खं अंग पाण्यावर झोकून द्यायचं, म्हणजे होडी कलंडत नाही.

सुकाणूवर मी. अंग झोकणारा सुदाम.

सुदाम बोरी अरबचा. त्याचं घर नुकतं बौद्ध झालेलं. आम्ही कळंबकडचे, कापसाची शेती असणारे. हे मी मुद्दाम सांगतोय. का — ते तुम्हाला कळलं तर बरं, मला कळलेलं नाही. वर्गात तो माझ्याच बाकावर बसायचा. नेव्हीचं वेड त्याचं. मी तर निव्वळ त्याच्या नादानं तुकडीत शिरलो होतो.

त्या दिवशी वारा जोरात होता. आम्ही सराव करायचो तो धरणाचा तलाव नवाच भरलेला, बुडालेल्या बाभळींचे शेंडे अजून पाण्यावर दिसत होते. आम्ही मधोमध असताना सुदामच्या पायातला पट्टा तुटला आणि तो पाठीवर पाण्यात गेला. अंगात बुचाचं जाकीट होतं, पण जुनं, एका बाजूचा बंद तुटलेला.

"वसंता, वळव!" तो ओरडला.

वळवायची कशी, हे मला येत होतं. नौदलातून निवृत्त होऊन आम्हाला शिकवायला आलेल्या चीफसाहेबांनी तेच तर घोटवून घेतलं होतं — माणूस पडला की आधी वळायचं, बाकी सगळं नंतर. सुदामचं वजन गेलं तशी मी शीड सैल सोडून होडी वाऱ्याबरोबर घेतली. इथवर माझी चूक नव्हती, नाहीतर उलटलोच असतो. पण मग — कसं सांगू? होडीचं तोंड उचललं गेलं. पाणी कापायचं सोडून ती पाण्यावरून घसरत सुटली. तसा वेग मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही.

घाबरलो होतो का? नाही. हातपाय गळाले होते? तसं असतं तर किती सोपं झालं असतं! दुसरी हाक मला स्पष्ट ऐकू आली. सुकाणू हातातच होतं. मी वळलो नाही. थेट पलीकडच्या काठाला जाऊन लागलो.

सुदाम कसाबसा एका बाभळीपाशी पोचला आणि काट्यांसकट तिला कवटाळून राहिला. भोयांनी डोंगा नेऊन त्याला काढलं तेव्हा त्याचे तळहात सोलून निघाले होते.

"वळला का नाहीस?" चीफसाहेबांनी मला विचारलं.

"वळेचना साहेब. वारा फार होता."

त्यांनी वाकून सुकाणू दोन्हीकडं फिरवून पाहिलं.

घरी कळलं तेव्हा काका म्हणाले, "आपला पोरगा वाचला न, मंग झालं." आणि मला — बरं वाटलं ते ऐकून. त्यानंतर कधीतरी डोक्यात आलं, पाण्यात माझा चुलतभाऊ असता तर? कधी वाटतं, त्याच्यासाठीही वळलो नसतो, तो वेगच तसा होता. कधी वाटतं, पहिल्याच हाकेला वळलो असतो. दोन्ही खरं वाटतं. मग मी नक्की कोण होतो त्या होडीत?

सुदामचे हात चिघळले. नौदलाच्या निवडीच्या शिबिराला तो जाऊ शकला नाही. मी गेलो. जाण्याआधी त्याला भेटायला बोरीला गेलतो, तर त्याच्या मायनं मला ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण वाढलं. "तू तरी काय करशीन बाप्पा, वाराच तसा होता," ती म्हणाली. मी जेवलो. दुसरी भाकरही घेतली.

पुढं मी नौदलात गेलो. सुदाम झरीकडच्या एका शाळेत मास्तर झाला. पाण्यात पुन्हा कधी उतरला नाही. आमची मैत्री तुटली असं समजू नका. लग्नाकार्याला जाणं-येणं राहिलं. तुटली असती तर बरं झालं असतं का? तेही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या घरी होतो. त्याच्या नातीनं विचारलं, आजोबा, तुमच्या हाताले हे काय झालं? सुदामनं सगळं सांगितलं, अगदी रंगून. शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणाला, "मी पाण्यात, अन् हा तिकडं होडीत रडून राह्यला होता. मले दुरून आवाज येत होता त्याचा. लय रडला माह्यासाठी."

पोरगी माझ्याकडं पाहत राहिली. मी मान डोलावली.

मी रडत नव्हतो. हसत होतो — मोठमोठ्यानं.