वयनीचं ‘तू बस’

वयनीच्या घरी जेवलेल्या माणसाने आपलं ताट आपण उचललंय, असं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आपण हात टेकून उठेपर्यंत ताट नाहीसं झालेलं असायचं. पाण्याच्या तांब्याकडे नुसतं बघितलंत तरी तांब्या तुमच्या हातात, आणि वर ठरलेलं वाक्य, “तू बस मा!” ती मुळात कुणाची तरी वहिनी, पण दिराने मारलेली हाक वाडीने उचलली आणि शाळेत जाणारी पोरंसुद्धा तिला वयनीच म्हणू लागली. आमची दोन घरं मसुऱ्यात एकाच गडग्याच्या दोन बाजूंना. गडगा म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, आणि आमचा गडगा एवढा ठेंगणा की वयनीने चुलीवर काय ठेवलंय ते मला आमच्या ओटीवरून वासाने कळायचं.

हे ‘तू बस’ सगळ्यांना सारखं लागू होतं. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, नाहीतर गणपतीत मदतीला म्हणून पदर खोचून आलेल्या शेजारणी असोत. त्या शेजारणी गप्पा मारून, करंज्या खाऊन घरी जायच्या. आंगणेवाडीच्या जत्रेला पाहुण्यांनी घर फुटायची वेळ यायची, तेव्हाही ही बाई एकटी नारळ खवतेय, एकटी वाटण वाटतेय, एकटी वाढतेय. पाहुण्याला कामाला लावणं म्हणजे तिच्या मते घराची अब्रू रस्त्यावर मांडणं. आपल्याकडे बऱ्याच घरांत असं मानतात, पण वयनीने ते फारच मनावर घेतलं होतं. तिच्या लेखी तिची स्वतःची मुलगीसुद्धा पाहुणीच होती.

ही मुलगी म्हणजे शुभा, माझ्या वर्गातली. चुलीपासून चार हातांवर पाटावर बसून ती अभ्यास करायची आणि त्या चार हातांच्या पलीकडे तिला कधी जाता आलं नाही. “माका जा करूचा लागला, ता माझ्या चेडवाक करूचा लागाक नको,” असं वयनी म्हणायची. यात प्रेम होतं, कोण नाही म्हणेल? पण परिणाम असा झाला की शुभा बँकेत साहेब झाली, ठाण्याला संसार थाटला, आणि आईच्या हातचं खावंसं वाटलं की तिला रेल्वेचं तिकीट काढावं लागायचं.

त्यातही शिरवाळे. तांदळाच्या पिठाचे उंडे उकळत्या पाण्यात शिजवायचे, चटके बसत असताना लाकडी साच्यात घालायचे आणि अंगाचा भार टाकून दाबायचे. खालून पांढऱ्या शेवया उतरतात. त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. उंडा जरा निवला की साचा हटून बसतो, म्हणून हे काम दोघातिघांनी मिळून करायचं असतं. एकाने उंडे काढायचे, एकाने दाबायचं, एकाने खालचं ताट फिरवायचं. वयनी तिन्ही कामं एकटी करायची. पायाने साचा दाबून धरून, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने ताट. तसे शिरवाळे मी दुसरीकडे खाल्लेले नाहीत, आणि हे माझी बायको ऐकत असतानाही मी म्हणतो.

मग वयनीचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग वाजू नये म्हणून ती चहा पेल्यातून द्यायला लागली. कुडाळच्या डॉक्टरांनी शुभाला बाजूला घेऊन सांगितलं की हे आता वाढत जाणार. त्याच आठवड्यात शुभाचा मला फोन आला. तिची चौदा वर्षांची ईरा ठाण्यात एका पार्टीला गेली होती. तिथे मोठी मुलं आणि त्यांचे आईबाप मिळून स्वयंपाक करतात आणि मग एकत्र जेवतात. “तसं आईच्या खळ्यात, दारातल्या अंगणात करूया,” शुभा म्हणाली. “मे महिन्यात मुंबईची सगळी पोरं गावात असतात. आई मला शिकवणार नाही, पण तू दहा पोरं आणलीस तर तिला शिकवावंच लागेल. त्यांच्यात मी आणि ईरा घुसतो. तिच्या हातून हे एकदा तरी माझ्या हातात येऊ दे रे.” मी सुट्टीत पोरांचे उपक्रम घेणारा मास्तर. मी म्हटलं, हे माझ्यावर सोड.

मी वयनीकडे बेत घेऊन गेलो. पोरं येणार म्हटल्यावर ती हरखली. “येवंदेत की! जेवक घालतंय सगळ्यांका.”

“वयनी, जेवायला घालायचं नाही. त्यांनी करायचं, तू दाखवायचं.”

“बरा, बरा.”

“मुलं नारळ खवतील.”

“इळ्यार बोटां कापतली तेंची. नारळ मिया खवून ठेवतंय.”

“मग आईबाप पीठ मळतील.”

“पीठ उकडीचा. हात भाजतले. ता मिया मळतंय.”

“मग रस तरी पोरांना काढू दे.”

“नारळ आदल्या दिसाकच वाटून ठेवलेले बरे. तू कित्या काळजी करतंस?”

“अगे, मग पोरांना काम काय राहिलं?”

वयनीने माझ्याकडे अशी कीव करून बघितलं, की एवढा शिकलेला माणूस आणि एवढं कळू नये. “खावचा काम रवला मा तेंका!” असं म्हणून तिने माझ्यापुढे फणसाचे गरे ठेवले. मी उठून ताटली घ्यायला गेलो तर म्हणाली, “तू बस मा!”

मी बसलो. बेत मात्र घसरत चाललेला मला दिसत होता.

दुसऱ्या वेळी शुभाला फोनवर घेऊन बसलो. तासभर घासाघीस झाली. शेवटी वयनीने बाकी सगळं आपल्याकडे ठेवून एक गोष्ट सोडली. साचा पोरं दाबतील. शुभाने तिच्याकडून तीनतीनदा कबूल करून घेतलं, आणि आजवर दिलेला शब्द वयनीने कधी मोडला नव्हता. मी आनंदाने घरोघर निरोप दिले. कुणी विचारलं, एप्रन आणायचा का? म्हटलं, आणा.

त्या दिवशी सकाळी आम्ही गडग्याला वळसा घालून खळ्यात शिरलो. पोरांच्या गळ्यात एप्रन, आयांनी पदर खोचलेले, ईराने केस घट्ट बांधलेले. शुभा आदल्या संध्याकाळी येणार होती, पण गाडी रखडली आणि ती थेट सकाळी आमच्याबरोबरच पोचली. समोर केळीची पानं मांडलेली. वयनी ठेवणीतलं पातळ नेसून हसत उभी. टोपलीवर ओलं फडकं, फडक्याखाली शिरवाळ्यांची रास. साचा धुऊन गडग्यावर उन्हात वाळत घातलेला होता.

“वयनी, हे काय गे?”

“पोरां लांबसून इली. भुकेली आसतली. तेंका बोलवून कामाक लावू? लोक काय म्हणतले?” आणि मग जरा ओशाळून, “मिया गप रवतलंय म्हणून लय ठरयलंय रे. पण हात गप रवनत नाय.”

दिवस उजाडायच्या आत उठून तिने ते केलं होतं. कापऱ्या हातांनी, तिन्ही कामं एकटीने. एका मुलाने विचारलं, “मग आम्ही काय करायचं?” वयनी म्हणाली, “जेवचा!” आणि एप्रन घातलेली सगळी मंडळी मुकाट पानांवर बसली. दुसरं काय करणार? रस वाढताना तिचा हात हलत होता, थोडा वाटीत, थोडा पानावर, थोडा जमिनीवर. ईरा उठली. “आजी, मी वाढते.”

“तू बस मा, बाय माझी.”

ईराने आईकडे बघितलं. शुभाने मान खाली घातली. ईरा बसली.

शिरवाळे अप्रतिम झाले होते, हेच जास्त वाईट. वाईट झाले असते तर काही बोलता तरी आलं असतं. जी बाई आपल्यासाठी पहाटेपासून राबली, तिच्यावर रागवायचं कसं? मी तीनदा वाढून घेतलं आणि प्रत्येक घासाला मला रडू येत होतं. शुभा हात धुवायला म्हणून मागल्या दारी गेली ती बराच वेळ आली नाही. मंडळी गेल्यावर वयनी पायरीवर टेकली, घामाने भिजलेली, आणि इतकी सुखात मी तिला क्वचित पाहिलंय. “बरा झाला मा रे? कोणाक काय करूचा लागूक नाय.” मी म्हटलं, बरं झालं वयनी. दुसरं काय म्हणणार होतो?

पावसाळ्यानंतर शुभा तिला ठाण्याला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं. आता आमच्या ओटीवर बसलं की गडग्यापलीकडून कसलाच वास येत नाही, आणि त्याची मला अजून सवय झालेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो. वयनी सोफ्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, एका हाताने दुसरा धरून. मी आल्याचं निमित्त करून शुभाने तो लाकडी साचा ओट्यावर काढला. ईरा पिठाचा डबा घेऊन उभी राहिली. “आई, आज तू काही करायचं नाहीस. नुसतं सांग. पाणी किती घेऊ?”

“पिठाच्या मनान.”

“म्हणजे किती?”

“अगो, असा...” वयनीने हात वर केला, हवेत ओंजळ धरल्यासारखा. हात थरथरत होता, ओंजळ काही होईना. ती त्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. “पीठ घट झाला की... हाताक कळता ता. माका तोंडान सांगूक येना नाय गो.”

“आठवून बघ ना आजी,” ईरा म्हणाली.

“सांगूक व्हया होता,” वयनी पुटपुटली. “मिया सांगूक व्हया होता.” आणि ती सोफ्याची कड धरून उठायला लागली. एक पाय टेकला, दुसरा टेकेना. मी पुढे झालो, पण शुभा आधी पोचली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हळू.

“राहू दे आई,” ती म्हणाली. “तू बस.”

वयनी बसली.