दोन गाड्यांच्या मधले साडू

काहीही न ठरवता माणूस किती वर्षं काढू शकतो, याचा कोणाला अभ्यास करायचा असेल तर त्यानं बीडजवळ चौसाळ्याला माझ्या थोरल्या साडूंकडे चार दिवस मुक्कामाला जावं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घ्यावा की कॉफी, हेही त्याला सुचेनासं होईल. माझी अवस्था त्याहून वाईट आहे, कारण मुक्काम हलवला म्हणून साडू हे नातं संपत नाही. गेली तीन वर्षं हे गृहस्थ दोन मोटारसायकलींतून एक निवडताहेत. तेवढ्या काळात त्यांची मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे बेळगावला राहायला गेली, तिकडेच तिला मुलगी झाली, ती नात रांगली, चालली, आणि आता फोनवर "आबा, गाडी?" एवढं विचारायलाही शिकली आहे. आबांचं उत्तर ठरलेलं असतं. "बघतोय बाळा." आबांच्या आयुष्यात ठरलेलं असं हे एवढंच आहे.

साडूंचं महामार्गाला लागून खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानापुढे पंधराएक वर्षं त्यांची क्रूझर उभी असायची. गावानं तिला कधी क्रूझर म्हटलं नाही. गावाच्या लेखी क्रूझर म्हणजे दहा माणसं कोंबून बीडला नेणारी जीप. त्यामुळे साडूंच्या गाडीला लोक बुलेट म्हणत, आणि साडू प्रत्येकाला थांबवून दुरुस्ती सांगत. "बुलेट न्हाई ती. क्रूझर हाय. बसायची पद्धत बघ." पद्धत बघण्यासारखी होतीच. आरामखुर्चीला चाकं लावून तिच्यात इंजिन बसवावं अशी ती गाडी. सीट जमिनीलगत, पाय पुढे ताणलेले, हात उंच आणि रुंद. साडू महामार्गावरून येताना लांबून असं वाटे की हा माणूस कोणाला तरी कडकडून मिठी मारायला निघाला आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला ज्या मोटारसायकल रॅल्या निघतात, त्यांत या गाडीला पहिल्या रांगेत मान असे. पुढारी बदलले, झेंडे बदलले, ज्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या त्यांच्याच नावानं पुढे घोषणा देण्यात आल्या. क्रूझर मात्र तीच राहिली आणि तिचा आवाजही तोच राहिला. त्या सगळ्या मंडळींत भूमिकेला चिकटून राहिलेली तेवढी एकच.

पण रॅली हा फावला उद्योग. गाडीचं खरं काम आक्कांसाठी होतं. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना गाडी लागते. चारचौघांना लागते तशी नाही. ज्या वाहनाला छप्पर आहे त्या प्रत्येक वाहनात त्यांना लागते. जीप, एस.टी., कार, एकदा तर उभ्या रुग्णवाहिकेत, तेही दुसऱ्याच पेशंटला बघायला चढल्या असताना. लग्नानंतर सासरी येताना मांजरसुंब्याच्या घाटात शालूचं काय झालं, हे त्यांच्या नणंदा अजून आल्यागेल्याला सांगतात. दुचाकीवर मात्र त्यांना काहीही होत नाही. तोंडावर वारा लागला की बाई खुशाल. एका अंगाला बसायचं, पिशवी मांडीवर, एक हात साडूंच्या खांद्यावर, आणि सबंध रस्ताभर सूचना. "हळू घ्या. त्यो टेम्पो बघा. आवो, बघा म्हणलं की नुसतं बघू नगा, थांबा." अशा रीतीनं हे जोडपं क्रूझरवरून तुळजापूर, पैठण, नांदेड असं सगळं फिरलं. माझ्या लग्नाला ती दोघं गाडीवरूनच आली होती आणि मांडवात नवरदेवापेक्षा जास्त गर्दी त्यांच्याभोवती होती. थोडक्यात, आक्कांना गावाबाहेर पडायला जगात एकच वाट होती आणि ती साडूंच्या मागच्या सीटवरून जात होती.

मग साडूंची कंबर गेली. बीडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, गाडी कोणती विचारलं, आणि सांगितलं की असे पाय पुढे सोडून बसलात की रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. एकतर गाडी तरी विका, नाहीतर कंबर तरी. कोणाचं काही ऐकण्याची सवय नसलेल्या साडूंनी हे लगेच ऐकलं आणि एका दुपारीत क्रूझर विकून टाकली. "जुनी दारात असली की माणूस ढिला पडतो, सर," ते मला म्हणाले. (मी बीडला कॉलेजात शिकवत असल्यामुळे ते मला सर म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी तपासलं नाही.) "आता कसं, आठ दिवसांत नवी घ्यावीच लागंल." तीन वर्षांत त्यांनी घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि तोच चुकला.

कारण दरम्यान त्यांना कुठून तरी कळलं होतं की मोटारसायकलींमध्ये स्पोर्ट टूरिंग नावाची एक जात असते. हिच्यावर माणूस किंचित पुढे झुकून बसतो, पाय बुडाखाली येतात, त्यामुळे कंबरेवरचा भार हातापायांत वाटला जातो. पुढे वारा अडवणारी काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, आणि सकाळी निघालं की संध्याकाळी बेळगाव. त्या जातीत त्यांना दोन गाड्या पसंत पडल्या. एक दोन सिलिंडरची, एक चार सिलिंडरची. पैशाचा प्रश्न नव्हता. तो असता तर निर्णय केव्हाच झाला असता. दोन सिलिंडरवाली हलकी आहे, वळणाला चपळ आहे, पण लांबच्या पल्ल्याला तळहाताला मुंग्या आणते. चार सिलिंडरवाली लोण्यासारखी चालते, पण जड आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात मांड्या भाजते. हे मला पाठ आहे. चौसाळ्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. युरियाचं पोतं मागायला आलेल्या माणसाला आधी मोबाइलवर दोन्ही गाड्यांची चित्रफीत बघावी लागे आणि मत द्यावं लागे. एका म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाला, "चार सिलिंडर? आमच्या घरी एकच हाय, त्योच भरून मिळंना." साडूंनी त्याचं मत बाद धरलं.

तीन वर्षं बिनगाडीचे असूनही साडूंनी हेल्मेट मात्र सोडलं नाही. आधी नवं हेल्मेट, मग जाकीट, मग गुडघ्यांना बांधायच्या वाट्या असं सगळं येत गेलं. फक्त गाडी तेवढी यायची राहिली. रविवारी बीडची मोटारसायकलवाली मंडळी पालीला बिंदुसरेच्या धरणावर चहाला जमतात. साडू तिथं एस.टी.नं जात. पूर्ण पोशाखात. एकदा म्हणे कंडक्टरनं सांगितलं, "आण्णा, डोक्यावरचं तेवढं काढता का? मागच्याला पुढचं दिसंना." साडूंनी ते काढून मांडीवर घेतलं आणि काच वर करून शेजारच्या प्रवाशाला हवा खेळण्याची सोय समजावून सांगितली. या गोष्टी ते स्वतःच मला सांगतात, आणि हसत नाहीत.

पण खरी अडचण सिलिंडरांची नव्हती, मागच्या सीटची होती. या जातीच्या गाड्यांची मागची सीट पुढच्यापेक्षा बरीच उंच असते आणि आक्कांचे गुडघे पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. त्यावर साडूंनी जो उपाय काढला तो कुठल्या कंपनीला सुचला नसता. त्यांनी दुकानातच खताच्या पोत्यांची थप्पी रचून दोन्ही गाड्या उभ्या केल्या. टेप लावून, पुढची सीट एवढी, मागची एवढी. उजवीकडची थप्पी दोन सिलिंडरवाली, डावीकडची चार. पुढे साडू बसायचे, हातात फवारणी पंपाची दांडी, किंचित पुढे झुकून. मागे आक्का खोक्यावर पाय ठेवून चढायच्या आणि कशाबशा एका अंगाला बसायच्या. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि कोणी हसत नव्हतं, इतकं ते रोजचं झालं होतं.

"कसं वाटतंय?" साडू मागं न बघता विचारत.

"खताचा वास येतोय."

"वासाचं न्हाई विचारलं. बेळगावपस्तोर बसवंल का?"

"तुमी न्या तरी आधी. बसते का न्हाई मंग बघू."

मोसमात तर फारच गोंधळ. नोकरानं गिऱ्हाइकाला एक पोतं काढून दिलं की सीटची उंची बदले. "आरं ते ठेव खाली!" साडू दुकानभर ओरडत. "ती चार सिलिंडरवाली हाय!" गिऱ्हाईक निमूटपणे पोतं परत ठेवी आणि शेजारच्या दुकानात जाई.

गेल्या हिवाळ्यात मी वैतागून त्यांना संभाजीनगरला घेऊन गेलो. तिथं दोन्ही गाड्या एकाच दिवशी बघायला मिळणार होत्या आणि आज काय ते ठरवूनच परतायचं असं मी मनाशी म्हटलं होतं. टाय लावलेल्या विक्रेत्यानं अदबीनं चार सिलिंडरवाली पुढे आणली. साडू टांग टाकून बसले. पंधरा वर्षं जमिनीलगतच्या गाडीवर ज्यांचे दोन्ही तळपाय सपाट टेकत होते, त्या माणसाचे इथं नुसते चवडे टेकले. त्यांनी गाडी स्टँडवरून सरळ केली. ती क्षणभर सरळ राहिली आणि मग सावकाश डावीकडे कलली. साडूंनी पाय रोवला, कंबरेतून एक आवाज आला, तो मलासुद्धा ऐकू आला. मी आणि विक्रेत्यानं मिळून गाडी धरली. दुसऱ्या गाडीवरही तेच झालं, फक्त ती हलकी असल्यामुळे तिला धरायला एकटा विक्रेता पुरला. "सवयीनं जमतं, काका," तो म्हणाला. इतके दिवस साडूंना कोणी काका म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. परतीच्या जीपमध्ये ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले, मोबाइल खिशातच राहिला. मला वाटलं, आता हा विषय संपला. मांजरसुंब्याला चढ लागला तेव्हा ते म्हणाले, "दोन सिलिंडरवाली जरा बरी वाटली. न्हाई का?" मी खिडकीबाहेर बघू लागलो. आयुष्यात काही वेळा माणसानं खिडकीबाहेरच बघावं.

मग नातीचा वाढदिवस आला. पहिला तसाच गेला होता, आता हा दुसरा. आक्कांनी नातीला फोनच्या पडद्यापलीकडे कधी बघितलेलंच नव्हतं. एका सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि सांगितलं, "तुमची गाडी येईस्तोवर पोरगी लग्नाला येईल. मी एस.टी.नं निघाले." सोलापूरपर्यंत एस.टी., तिथं जावई घ्यायला येणार आणि पुढच्या गाडीनं बेळगावला नेणार. साडूंचा धीर सुटलेला होता म्हणून त्यांनी मला बीडहून बोलावून घेतलं. आक्कांनी लिंबं, सुंठ, आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा एक गठ्ठा असा सरंजाम पदराआड घेतला होता. लढाईवर निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. साडू खालून खिडकीचा गज धरून उभे.

"पुढल्या टायमाला गाडीवर जाऊ," ते म्हणाले.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "जेवण करून घेत जा. नुसते व्हिडिओ बघू नगा."

एस.टी. निघाली तरी साडू काही पावलं गज धरून चालले. मग हात सोडला. चहा पिताना मला म्हणाले, "सर, तवाच चार सिलिंडरवाली घेतली असती तर आज हे झालं नसतं." कप तोंडाशी नेला. "पण ती तापती," असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. एवढ्या दुःखात त्यांच्या डोक्यात तेच चालू होतं, याचा मला आधी राग आला. नंतर लक्षात आलं की त्यांना दुःख करायची दुसरी रीत येत नव्हती.

महिनाभरानं आक्का परतल्या, गेल्या तशाच एस.टी.नं. मी आणि बायको त्याच दिवशी भेटायला गेलो होतो. आक्कांनी आल्या आल्या पायरीवर बसकण मारली आणि कपाळाला हात लावला. "सांगू नगा. जातानी सोलापूरपस्तोर जीव ऱ्हायला न्हाई. येतानी त्याच्याहून वंगाळ. पुन्हा त्या डब्यात पाय ठेवायची न्हाई मी. तुमी गाडीचं बघा." साडूंनी पाणी आणलं, पंखा लावला, स्वतः चहा टाकला. अपराध्यासारखा चेहरा होता, पण महिनाभर झुकलेले खांदे सरळ झाले होते. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. चार सिलिंडरवालीला म्हणे सीटची उंची कमी करून मिळते.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता बायको सहज म्हणाली, "आक्का जाता-येता झोपून गेली होती. एकदाही मळमळलं नाही. लिंबं तशीच परत आणली."

मी पेपर खाली ठेवला. "मग त्यांना तसं का सांगितलं?"

"मी पण हेच विचारलं. तर म्हणाली, 'त्यास्नी सांगू नगं बाई. पाय पुरत न्हाईत त्यांचे त्या गाडीला. मला कवाच कळलंय, त्यास्नीबी कळलंय. पण गाडी बघायचं सुटलं तर माणूस बसून जाईल.'"

मी सगळ्या प्रकारच्या देखाव्यांवर आयुष्यभर हसत आलो आहे. सत्कार, शाली, फलक, मिरवणुका, यातलं मी काहीही सोडलं नाही. या एका देखाव्यावर मात्र मी हसणार नव्हतो.

परवा चौसाळ्यावरून जाणं झालं. सवयीनं मी न थांबता पुढे निघालो असतो, पण थांबलो. साडू दुकानाच्या पायरीवर होते, थोडे वाकलेले, चष्मा नाकावर, मोबाइल हातभर लांब धरलेला. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे जरा भीतच बघितलं. हा विषय काढला की मी घड्याळ बघतो, हे त्यांना माहीत होतं.

"आण्णा," मी म्हणालो, "मागची सीट किती उंच म्हणालात?"

त्यांनी मोबाइल खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आक्का चहा घेऊन बाहेर आल्या आणि दाराला टेकून, जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत राहिल्या. समोरून सोलापूरची एस.टी. गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.