विश्वासाची हिरवी पट्टी

मोबाइलवरच्या त्या खेळात आम्ही चौघे होतो. पिंप्राळ्यातून मी, सावद्याचे एक केळी बागायतदार, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, धुळ्याचे माझे साडू आणि पारोळ्याचे एक शिक्षक. प्रत्येकाचं एक राज्य. दिवसाला एक डाव. वेळेत खेळला नाही तर तो वाया जाई.

संरक्षण करार केला की मित्रावर हल्ला होताच आपलंही युद्ध आपोआप सुरू होई. मित्राने स्वतः कुरापत काढली तर करार लागू होत नसे. प्रत्येकाच्या नावाशेजारी विश्वासाची हिरवी पट्टी असे आणि ती सगळ्यांना दिसे. करार मोडणाऱ्याची पट्टी निम्म्यावर येई. मग त्याच्याशी कोणी नवा करार करत नसे.

माझा करार भाऊंशी होता. साडूंनीही तसाच करार आमच्या घरी, भरिताच्या ताटावर मागितला. माझी बायको वाढत होती. तिच्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणणं जमलं नाही. भाऊंचं आणि साडूंचं राज्य एकमेकांना लागून होतं. जो आधी हल्ला करील त्याच्या विरुद्ध मी जाणार, म्हणून कोणीच करणार नाही, असा माझा तर्क होता.

काही आठवडे तो टिकला. मात्र भाऊ हल्ला करतील या भीतीने साडूंचा रोज फोन येऊ लागला. सीमेवरच्या भाऊंच्या किल्ल्यात किती सैन्य आहे, हे त्यांना बाहेरून दिसत नव्हतं.

त्याच सुमारास भाऊंच्या बागेत कापणी लागली. ट्रक उभे असताना ते मोबाइल हातात घेत नसत. दर कापणीला त्यांचा डाव मीच खेळायचो. पासवर्ड माझ्याकडे असे.

त्या दिवशी त्यांचं राज्य उघडलं आणि थांबलो. सीमेवरच्या किल्ल्यात एकही सैनिक नव्हता. सगळं सैन्य पारोळ्याच्या बाजूला होतं. धुळ्याची बाजू त्यांनी माझ्या करारावर सोडली होती.

दुपारी साडूंचा फोन आला, त्यांच्या अहिराणी वळणात. "साडूभाऊ, खरं सांगा. सावदेवाले चाल करणार शेत का? नाहीतर मीच आधी करतो."

त्यांना रोखायचं तर भीती खोटी आहे हे पटवायला हवं, असं मला वाटलं. ऐकीव सांगण्यापेक्षा पाहिलेलं सांगावं, ही माझी वर्तमानपत्राच्या डेस्कवरची सवय. मी म्हणालो, "तिथे कोणीच नाही. किल्ला रिकामा आहे. मी आत्ताच पाहिला."

"असं का? मग बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे म्हणत त्यांनी फोन ठेवला.

पुढच्याच डावात त्यांनी किल्ला घेतला. करारानुसार माझं त्यांच्याशी युद्ध सुरू झालं. मी माझं सैन्य पाठवलं, निम्मं गमावलं आणि किल्ला परत मिळवून भाऊंच्या हवाली केला. खेळाने करार पाळल्याचं बक्षीस दिलं. माझी हिरवी पट्टी काठोकाठ भरली. शिक्षकांनी ग्रुपवर लिहिलं, "करार करावा तर पिंप्राळ्याशी."

भाऊंचा फोन बागेतून आला. मागे घड मोजण्याचा आवाज होता.

"किल्ला रिकामा हाये, हे त्यांले कसं समजलं?"

उत्तर टाळता आलं असतं. "मी सांगितलं," मी म्हणालो. "त्यांनी हल्ला करू नये म्हणून."

मागे मोजणी चालूच होती.

"पेपरवाले तुम्ही," ते म्हणाले. "हाती आलं की छापून मोकळे."

"चूक झाली, भाऊ."

"किल्ला तं दिला ना परत. ठेवतो आता. ट्रक भरायचा हाये."

आमचा करार त्यांनी मोडला नाही. ग्रुपवर बोलणंही पूर्वीसारखंच राहिलं.

पुढची कापणी आली, तेव्हा मी त्यांच्या निरोपाची वाट पाहिली. आला नाही. जुना पासवर्ड टाकून पाहिला. तो बदललेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर सूचना झळकली: सावद्याचा डाव वाया गेला. त्याच्या पुढच्या दिवशी तीच सूचना पुन्हा आली. खाली चौघांची नावं होती. माझी पट्टी सर्वांत लांब होती.